‘नोंद कोणी पाहिली?’

मंगळवार, ४ मार्च

मानेवरच्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर म्हणाले, “आता सगळं ऑनलाइन असतं. रिपोर्ट घरबसल्या दिसेल.” म्हणजे त्यांना सांगायला नको, मला विचारायला नको. सोय कोणाची ते कळलं!

मुलाने परगावाहून खातं उघडून दिलं. “आई, मलाही बघता येईल असं ठेवलंय.” ठेव बाबा. महिनामहिना फोन करायला सवड नसते, आईचं रक्त बघायला बरी मिळेल.

बुधवार, ५ मार्च

खातं वाचून काढलं. माझी उंची म्हणे एकशे एक्याऐंशी सेंटिमीटर! चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली मी. दाराच्या चौकटीला पाठ लावून माझीच टेप धरली — एकशे एक्कावन्न. दवाखान्याने फूटभर उंची फुकटात वाढवून दिली.

दुरुस्तीचं बटण कुठेच नाही. फोनवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, त्यासाठी समक्ष यावं लागेल.” घरबसल्या!

गुरुवार, ६ मार्च

रिपोर्ट ‘प्रतीक्षेत’.

शुक्रवार, ७ मार्च

‘प्रतीक्षेत’. पण एक पान सापडलं — ‘तुमची नोंद कोणी पाहिली?’ नावनिशीवार, वेळेसकट. आहारतज्ज्ञ सात वेळा. या बाईंना मी जन्मात भेटलेली नाही. डॉक्टर एकदा. चिरंजीव एकदाही नाही. शाबास रे माझ्या वाघा.

सोमवार, १० मार्च

मोबाइलवर प्रश्नावली आली. ‘या सेवेकडून आपल्याला काय हवं?’ पर्याय: मोठी अक्षरं, छान रंग, इतर. रंगांची फारच गैरसोय होत होती ना माझी!

‘इतर’पुढे लिहिलं, ‘उंची कमी करा.’ त्याआधी ‘भीती वाटते’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते कोणत्या खिडकीवर पाठवणार हे लोक? पण वाटते. खरंच वाटते.

बुधवार, १२ मार्च

दुपारी एका गिऱ्हाइकाचे पडदे आखूड करत बसले होते, तर चिरंजीवांचा फोन. ऐन कामाच्या दिवशी! “काही नाही गं, सहज केला.” जेवलीस का, काय शिवतेस, पडद्यांचा रंग कोणता. जन्मात कधी पडद्यांचा रंग विचारला नव्हता त्याने. शेवटी म्हणाला, “शनिवारी येतोय.” का, तर तेही सहज. म्हटलं, ये की. आईची आठवण झाली म्हणायची.

बुधवारीच, संध्याकाळी

खात्यावर ‘रिपोर्ट उपलब्ध’ असं आलंय. तो उघडला नाही. आधी ते ‘नोंद कोणी पाहिली?’वालं पान उघडलं. मुलगा — बारा वाजून चार मिनिटं. त्याचा फोन आला होता बारा वाजून नऊ मिनिटांनी.

मी रिपोर्ट उघडला तर तेही त्याला याच पानावर दिसेल. नाही उघडत. शनिवारी तो सांगेल, तेव्हा मला पहिल्यांदाच कळू दे.