बॉल माझ्याकडेही येऊ द्या

पुनावळे, शनिवार

ती. दाजींस गणराजचा साष्टांग नमस्कार. अक्काच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार सांगा. हल्ली तुमच्या घरात त्याच्याच मर्जीने सगळं चालतं असं ऐकतो. इकडे सगळे खुशाल. म्हणजे योगिनी आणि विजयश्री खुशाल. माझं टाळकं सटकलेलं आहे.

परवा गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, आमच्या चाकणच्या कंपनीतल्या फुटबॉल स्पर्धेची फायनल झाली. आमच्या प्रेस शॉप खात्याने पेंट शॉप खात्याला चौदा-शून्य हरवलं. अभिनंदन करू नका! मागच्या वर्षी फायनलच्या दिवशी पेंट शॉपला सुट्टीचा ओव्हरटाइम लागला (महिनाअखेर, दुसरं काय), समोर कुणी आलंच नाही आणि कप आयता आमच्या हातात पडला. तेव्हापासून वर्षभर कॅन्टीनमध्ये आमचं नाव ‘फुकटचे चॅम्पियन’. माणसाने आमटीची वाटी पुढे करावी आणि वाढप्याने हे ऐकवावं! आमचा कॅप्टन मन्सूरभाई एवढा पेटला, की यंदा पेंट शॉपच्या साहेबांना स्वतः भेटून त्याने त्यांच्या अकराही जणांची सुट्टी पक्की करून घेतली. आणि मग त्यांना धू धू धुतलं. हाफटाइमलाच आठ गोल! मी म्हटलं, राव, पुरे आता, जरा बॉल इकडेही येऊ द्या. तर म्हणतो, यंदा कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही. अरे, तुमची अब्रू वाचली, माझ्या अब्रूचं काय?

कारण दाजी, मी गोलकीपर! सहा मॅच झाल्या, पण हातमोज्यांची घडी मोडली नाही (ते मी योगिनीशी दोन दिवस भांडून घेतलेत). उड्या मारल्या, ओरडलो, निदान एक पास मागे द्या म्हणून हात जोडले. कुणी ढुंकून बघेल तर शपथ. फायनलला घरचे सगळे आले होते. तासाभराने सासूबाईंनी योगिनीला विचारलं, जावईबापूंना खेळायला का घेत नाहीत? वर मलाच ‘उत्कृष्ट गोलकीपर’ची ट्रॉफी दिली, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, खांबाला पण द्या!

तेही गिळलं असतं. पण काल विजयश्रीला शाळेत ‘माझे बाबा’ या विषयावर चार ओळी लिहायच्या होत्या. तिसरी ओळ अशी: ‘माझे बाबा मॅचमध्ये उभे राहतात.’ त्यापुढे बाईंनी लाल शाईने ‘छान’ लिहिलंय. काय छान, दाजी? यात छान काय आहे?

असो. अक्काला जिना चढू देऊ नका.

तुमचा,
गणराज

ता. क. : येत्या गुरुवारी तुमच्या निघोज्याच्या कंपनीचा संघ घेऊन आमच्याशी खेळायला या. मन्सूरभाई तयार आहे (तुमच्याकडे अजून आम्हाला फुकटचे म्हणतात असं मीच त्याला सांगितलंय, सांभाळून घ्या). फक्त तुमच्या पोरांना म्हणावं, चार-पाच बॉल माझ्याकडे मारा. बेताने, उजव्या बाजूला, छातीच्या उंचीवर. डावीकडे झेपावलो की खांदा धरतो.

आणखी ता. क. : अक्काला कुठून तरी कळेलच, म्हणून सांगतो. चौदा-शून्य नव्हे, चौदा-एक. तो एक गोल झाला त्या वेळी मी खांबामागे सासूबाईंच्या थर्मासमधला चहा घेत होतो. अख्खं मैदान हसलं. एकटी विजयश्री उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, शेवटी आपल्या बाबांकडेही बॉल आला. तेव्हा दाजी, एखादा आत गेला तरी चालेल. पण मारा.