रिकाम्या परत गेलेल्या डब्याबद्दल

आप्पा, रविवारी मी चर्चच्या दारात नव्या फादरांशी भांडले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पुन्ना?" हो, पुन्हा. हे फादर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. प्रवचनात म्हणाले, देवाची कृपा वाय-फायसारखी असते, चोवीस तास चालू, आपण फक्त जोडून घ्यायचं. वाय-फाय तुमच्या वेळी नव्हतं. न दिसणारी तार समजा. लोक खूश झाले. कष्ट करायला नको म्हटलं की लोक खूशच होतात. मिस्सा संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "फादर, त्याला पासवर्ड लागतो. तो टाकायला निदान बोट तरी हलवावं लागतं. तेवढं सांगायचं राहिलं तुमचं." चार बायका हसल्या. तेही हसले आणि सहज म्हणाले, "मग टीचर, तुम्ही टाकलात का?" उभ्या नोकरीत मी कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी मात्र खाली वाकून चपला शोधत बसले.

घरी येताना पाटाचं पाणी शेतात आणणारी आपली चारी आठवत होती. देवळाली प्रवराजवळचं आपलं दीड एकर, आणि पाणी पाळीनं मिळायचं. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आलेली, सातवीतली, संत व्हायचं पक्कं ठरवलेली. तुम्ही मला सांगून गेलात, उद्या आपली पाळी आहे, चारीतलं गवत आणि गाळ काढून ठेव. मी फावडं भिंतीला टेकवलं आणि पाणी यावं म्हणून गुडघे टेकून रोझरीची माळ जपत बसले. सिस्टर म्हणायच्या, श्रद्धेनं मागितलं की मिळतं. सकाळी पाणी आलं, तुंबलेल्या चारीला धडकलं आणि बांध फोडून शेजाऱ्याच्या उसात गेलं. आपला गहू तसाच सुकलेला. तुम्ही गुडघाभर चिखलात उभे आहात आणि मी काठावरून ओरडते आहे, "पण मी प्रार्थना केली होती!" तुम्ही फावडं टेकवता, घाम पुसता. "पावली की मग. पानी आलं न्हाई का? पन पोरी, तू त्याला वाट कुटं ठिवली?" शेजारी उसातून हसतो, "आप्पा, तिला बोलू नका! माझ्यासाठी लई मनापासून मागितलं पोरीनं." मी दोन दिवस जेवले नाही. रागानं, पश्चात्तापानं नव्हे.

पण ही गोष्ट मी शाळेत सांगायचे तेव्हा इथंच थांबवायचे. काम करा, म्हणजे मिळेल. माझ्यासारख्या मुख्याध्यापिकेला सोयीची गोष्ट. पुढचं दुष्काळाचं वर्ष मी गाळून टाकायचे. पाट कोरडा होता, पाणी सुटणार नाही असं सगळे सांगत होते आणि तुम्ही रोज चारी साफ करत होता. शेजाऱ्यानं विचारलं, "कोरडी चारी झाडताय, पाव्हणं यायचेत का?" तुम्ही म्हणालात, "व्हय, यायचेत. वार म्हाईत न्हाई." मी चिडून म्हटलं, इतकी साफ केली तरी पाणी येतंय कुठे? तुम्ही म्हणालात, "म्या साफ केली म्हनून ते येतंय व्हय? ते धरनातनं येतंय." त्या वर्षी पाणी आलंच नाही. तरी चारी आरशासारखी होती.

आता खरं सांगते. तुमच्या शेवटच्या आठवड्यात शाळेचं गॅदरिंग होतं. बुधवारी धाकटीचा फोन ऑफिसात आला, शिपाई मला बोलवायला आला. ती म्हणाली, "आक्का, आप्पा लई आठवन काढत्यात, निघून ये." मी म्हटलं, रविवारी येते, नाटकाचे कपडे अजून आले नाहीत. शुक्रवारी तुम्ही गेलात. मातीला सगळं गाव, सगळी मंडळी, आणि कुणीतरी म्हणालं, थोरली का नव्हती जवळ? मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मला कुणी कळवलंच नाही." धाकटीच्या हातात मेणबत्ती होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "व्हय, आक्काला सांगायचं राहिलं. माझं चुकलं."

तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. बोलत नाही ती मी, आप्पा, ती नव्हे. माझं खोटं तिनं पदरात घेतलं, हे मला सोसलं नाही. दर उपवासकाळात पापनिवेदनाला बसून मी हे फादरांना सांगते, क्षमा मिळते, डोळे पुसते आणि घरी येते. जिला सांगायचं ती चाळीस किलोमीटरवर आहे. तिच्याकडून दर नाताळला कुणाच्या तरी हाती करंज्यांचा स्टीलचा डबा येतो. आई सांगायची, कुणाचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी. मी तो घासूनपुसून रिकामा धाडते. वीस-बावीस नाताळ झाले असतील. पुढच्या वर्षी डबा पुन्हा भरून येतो.

यंदाचा डबा अजून ओट्यावरच आहे. काल मी शंकरपाळ्या तळल्या, काही करपल्या. उद्याच्या एसटीनं मी स्वतः धाकटीकडे जाणार आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमच्या गावाला पोस्ट नाही. म्हणून या कागदाची खालची पट्टी फाडून तिच्यावर एवढंच लिहिलं: "फोन तू केला होतास. खोटं मी बोलले." ती पट्टी डब्यात ठेवली आहे.

फक्त ती शंकरपाळ्यांच्या तळाशी ठेवली आहे, आप्पा. तिच्या हाती लागेपर्यंत मी परतीच्या गाडीत असेन.