बाबांचा ठिपका

४ एप्रिल
पुन्हा विझला! दुपारी हाकसोम बेटाच्या अलीकडे बाबांच्या बोटीचा ठिपका पडद्यावरून गेला — पाण्यात साखर विरघळावी तसा. जहाजांना वाट दाखवणं हे माझं काम; येओसू बंदरातलं प्रत्येक जहाज मला टेकडीवरच्या या नियंत्रण कक्षातून दिसतं. टँकर, फेरीबोटी, मासेमारीच्या बोटी. फक्त माझ्या बापाची बोट दिसत नाही; जागा कळवणारं यंत्रच बंद करतात ते.

संध्याकाळी विचारलंच, "यंत्र का बंद केलंत?"

सूप भुरकत म्हणाले, "मग काय, मासे कुठे आहेत ते सगळ्या गावाला सांगू? तुझे नियम तुझ्या टेकडीवर ठेव."

७ एप्रिल
पडद्यावर जहाजं हलताना दिसतच नाहीत. बघता बघता जागा बदललेली असते. घरी डोळे मिटले तरी पापण्यांआड हिरवे ठिपके तरंगत राहतात. आईला जाऊन तीन वर्षं झाली. कधी वाटतं, तीही इथेच असेल कुठेतरी, नुसतं यंत्र बंद करून.

८ एप्रिल
मोहरीच्या पाल्याची किमची संपली. बाबा नुसता भात खाऊन उठले.

१२ एप्रिल


सकाळपासून धुकं. खिडकीबाहेर समुद्र नाही, आकाश नाही, काहीच नाही. लहान बोटींना परत बोलावलं. एकेक ठिपका धक्क्याला लागला. बाबांचा नाही — तो आधीच विझलेला! आणि तेवढ्यात तेलाचं मोठं जहाज आत शिरायला निघालं. रडारवर लाटांचाच पांढरा चुरा उठलेला; त्यात बाबांची चिमुकली बोट कशी ओळखायची?

मी जहाजाला थांबायला सांगितलं. कप्तान वैतागला — "समोर काहीच नाहीये!" आमचे प्रमुख नाम साहेब मागे येऊन उभे राहिले.

"कुणासाठी थांबवलंस?"

"एक बोट आहे, साहेब."

"कुठेय?"

दाखवता येईना.

रेडिओवर बोटीचं नाव घेऊन हाका मारल्या. पुन्हा मारल्या. मग नियम गेले खड्ड्यात — "बाबा! मी दानबी! हात जोडते, यंत्र चालू करा!" अख्ख्या बंदराने ऐकलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग थेट त्या जहाजाच्या वाटेत तो उगवला. इवलासा. हिरवा.

"...दिसली," कप्तान म्हणाला. आवाज पार उतरला होता.

नाम साहेबांनी बार्लीचा चहा माझ्यापुढे ठेवला.

१३ एप्रिल
बाबा म्हणाले, "त्या जहाजाचा भोंगा ऐकू येत होता गं. कुठून येतोय तेच कळेना." मग ताट सरकवत — "आता नाही बंद करणार, पोरी."

मी भांडी घासायला पळाले. रडू दिसू नये म्हणून.

१९ एप्रिल
शब्द पाळतायत. म्हणूनच कळलं! थोडा वेळ जाळं टाकतात, मग ठिपका सरळ हाकसोमच्या धक्क्याला लागतो आणि तिथेच डुलत बसतो. दुपारभर. बघताना चोरून बघितल्यासारखं वाटलं.

शेजारच्या खुर्चीतला किहो हसला. "अगं, तिथे मासे कुठले! बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बायकांचं गाव ते."

घरी विचारलं. बाबांचे कान लाल. "तिथलं पाणी बरं आहे," म्हणाले.

२० एप्रिल
आईचा फोटो पुसला. पुसता पुसता मनाला विचारलं, बाबांचा राग आलाय का?  खिडकीतून खाली फेरीबोट जाताना दिसली. तिच्यामागची पांढरी रेघ पाण्यात मिटेपर्यंत बघत राहिले.

२६ एप्रिल
लख्ख ऊन. बाबांची बोट हाकसोमहून बंदराच्या तोंडाशी आली. रीतीप्रमाणे रेडिओवर विचारलं, "बोटीवर किती जण?"

 बाबांऐवजी एका बाईचा आवाज आला — घाबरलेला, दम लागल्यासारखा.

"दोघं... आत येऊ का?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

"या," मी म्हटलं. "वाट मोकळी आहे."