विम्याच्या कार्डावरची लेक

प्रिय आत्या,

काल तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, आईचा जरा डोळा लागलाय, म्हणून लिहायला बसले. तू असताना आभाराचा एक शब्द मी बोलले नाही. तू बोलू दिला असतास का?

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. खाप्याहून आम्हा मायलेकींना तूच नागपूरला तुझ्या खोलीवर आणलंस. तू कापड मिलमध्ये कामाला, लग्न व्हायचं होतं. वर्षभरात माझे सांधे सुजले, ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, हृदयाला धोका आहे, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन लागेल, कित्येक वर्षं.

तू मला सरळ मिल कामगारांच्या विम्याच्या दवाखान्यात नेलंस. कारकुनाने सांगितलं, भावाची मुलगी कुटुंबात धरत नाहीत. तिघी एकाच चुलीवर जेवतो, हे तू त्याला दोनदा सांगितलंस.

"मंग कोणाले धरता गा?"

"नवरा, आईबाप, पोटचं लेकरू. नाहीतर दत्तक."

आपण घरी आलो. मग आईजवळ बसलीस. "वहिनी, पोरगी मले दत्तक देतं का वं?"

आई बराच वेळ भाकरी थापत राहिली. "ने," म्हणाली, "जगली पाहिजे."

कचेरीत दत्तकाचा कागद झाला, कार्डावर माझं नाव चढलं. मी एकदा तुला आई म्हटलं तर रागावलीस. "तुही आई ते हाय. मी आत्याच."

इंजेक्शन झालं की मला कॅरियरवर बसवून तू सायकल हाताने ढकलत आणायचीस. धक्का बसला की कंबर दुखायची ना माझी! कधी घाई केली नाहीस.

त्याच वर्षी तुझी सोयरीक मोडली. दत्तकाचं ऐकून मुलाकडचे फिरकलेच नाहीत. हे मला परवा आईकडून कळलं. काहून लपवलंस वं आत्या? एवढ्यासाठी मात्र मी तुझ्यावर रुसले आहे.

आज माझं हृदय धड आहे, नोकरी आहे. ऑफिसच्या औषधोपचाराच्या फॉर्मवर आई म्हणून तुझं नाव होतं. आता तिथे आईचं घालायला गेले, तर म्हणाले, दत्तक गेल्यावर कायद्याने ती तुमची कोणी लागत नाही. ज्या कागदाने मी वाचले, त्यानेच तिला बाहेर ठेवलं. तुला हे कळलं असतं, तर तू त्यांच्याशीही भांडली असतीस.

तुझ्या वहिनीची काळजी सोड. ती माझ्याजवळच राहील. पुढल्या आठवड्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेते, फॉर्म असो नसो. दवाखान्यात नातं विचारतील तेव्हा 'मुलगी' असंच लिहीन.

तुझीही,
लेक सुमन