संगणकातली वीत

दि. १२ जुलै २०२५, शनिवार

संगणक गेला! खाऱ्या हवेने आतून गंजला, असे दुरुस्तीवाल्याचे म्हणणे. बाबली मच्छीमाराची होडी मांगरात, माझ्या होड्या बांधायच्या छपराखाली, अर्धी उभी आहे. पुढच्या फासळ्या बसल्या. मागच्यांचे आराखडे यंत्रातच अडकले. कंबर वाकेनाशी झाल्यापासून मी फासळ्यांचे आकार त्यातल्या कार्यक्रमाकडूनच (प्रोग्रॅमकडूनच) कागदावर काढून घेतो. तो माझ्या मुलाने, जितेंद्राने, सी भाषेत लिहिला — पुण्यास जाण्यापूर्वी.

नारळी पौर्णिमेस होडी पाण्यात उतरेल, असा शब्द बाबलीस दिला आहे. मी आजवर शब्द मोडलेला नाही.

दि. १३ जुलै, रविवार

माझी कन्या वर्षाली बांद्याहून आली. ती महाविद्यालयात संगणक शिकवते. जुन्या यंत्रातून कार्यक्रम सुखरूप निघाला. परंतु तिने आणलेल्या संगणकावर विंडोज नाही, लिनक्स आहे. तेथे तो जसाच्या तसा चालत नाही.

"बाबानू, भाषा तीच, पण घर बदललां. थंयची भांडी हंय गावनत नाय."

पडदा पुसण्याची आज्ञा नव्या यंत्रास ठाऊक नाही. फायलीचे नाव मोठ्या अक्षरांत की लहान, एवढ्यावरूनही ते अडून बसते. पूर्णांक साठवायला जुन्या ठिकाणी दोन घरे (बाइट), नव्या ठिकाणी चार!

मी विचारले, "म्हणजे दर सुताराची वीत येगळी, तसा?"

"तसाच!" ती हसली.

दुपारपर्यंत तिने सर्व उतरवून घेतले. एक फाईल मात्र सापडेना. माझ्या वितीचे माप जितेंद्राने तीत वेगळे लिहून ठेवले होते, आणि सारी होडी त्या मापावर.

"दादाक इचारू?"

"नको." मी हात पुढे केला. "हो माझो हात. मोज गो."

तो पुण्यास निघाला तेव्हा मी जितेंद्रास म्हटले होते — तुझो हात होडयेचो नाय. तेव्हापासून त्याचा फोन मी घेत नाही.

दि. १४ जुलै, सोमवार

कार्यक्रम चालला! आराखडे छापून आले.

दि. १६ जुलै, बुधवार

फासळी बसत नाही. मागची बाजू अरुंद! बाबली नेमका तेव्हाच आला.

"आबानू, होडयेन उपास धरल्यान काय ओ? कंबर केदी बारीक झाली!"

वर्षालीस फोन करून कार्यक्रमास दोष दिला — बराच दिला. ती कॉलेजातून थेट आली. ओळ न् ओळ तपासली, चूक नाही. मग माझा हात आपल्या हातात घेऊन बोटे सरळ करू पाहिली. झाली नाहीत.

संधिवाताने बोटे वाकली, हे मला ठाऊक होते. वीत आखूड झाली, हे मनात आले नव्हते.

"दादाक इचार," मीच म्हटले.

दि. १८ जुलै, शुक्रवार

जितेंद्राने ती फाईल तत्काळ पाठवली. एकच ओळ. वर्षालीने ती घालून नवे आराखडे काढले. आज फासळी कापून लावली — बसली! सांध्यात नख शिरणार नाही. फणसाची फळी वरून अशी निजली की बाबली म्हणाला, "आता होडी जेवली!" मीही हसलो. छातीवरचे ओझे उतरले. बाबलीस दिलेला शब्द आता मोडणार नाही.

दि. २० जुलै, रविवार

जितेंद्राचा फोन आला. घेतला. म्हटले, होडी जुळली. माझी वीत तू नीट सांभाळून ठेवलीस.

तो म्हणाला, "बाबानू, ती तुमची नाय. तुमी तेव्हा मोजूक हात देऊक नाय. 'काम आसा, जा थंयसून' म्हणालास. म्हणान मी माझीच घातलंय."

तेव्हापासून या मांगरातून पाण्यात गेलेली प्रत्येक होडी त्याच्याच वितीवर!

मी म्हटले, "नारळी पुनवेक ये. होडी लोटूक तुझो हात होयो."