वाचायला काही नसलेलं गाव

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली तो मनातल्या मनातच घालतो, पोचला असं समजून घ्यावं). तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुमचं दोघांचं एकमेकांशी बोलणं, तिन्ही आता पूर्वपदावर आलं असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे ठीक. 'ठीक' हा शब्द मी कचेरीत शिकलो. ज्या तक्रारीचं काहीच करता येत नाही, तिच्या कागदावर कोपऱ्यात तो लिहितात.

अक्षराबद्दल आधीच माफी मागतो. नेहमीप्रमाणे शब्दांवर रेघ न मारता लिहितोय, वाचताना तुझे डोळे शिणतील. 'अक्षरं उघड्यावर ठेवतो, छप्पर घालत नाही' असं नाना मला मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकवत आले. तुझ्या वह्या ते पाहुण्यांना दाखवायचे, आणि माझ्या वह्या घेऊन पट्टी-पेन्सिलीने एकेका शब्दावर रेघ ओढत बसायचे. ज्या माणसाने चाळीस वर्षं गावभरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याच्या पोटी असा बिनछपराचा मुलगा यावा, हा त्यांना मिळालेला मोठाच अहेर. तू तरी त्यांची लाज राखलीस. असो.

पत्रास कारण की, आम्ही साधं जगायचं ठरवलं आहे. त्यापायी गेले तीन महिने जिवाला क्षणाची उसंत नाही.

कल्पना तुझ्या भावजयीची. एका दुपारी ती पाचव्या मजल्यावर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पोचली, दाराशी बसली आणि म्हणाली की माणसाला जगायला इतकं सगळं लागत नाही. (लिफ्ट बंद होती. थोरामोठ्यांना झाडाखाली कळतं, आमच्याकडे जिन्यात.) मग आम्ही रीतसर बैठक घेतली. एक वही केली आणि प्रत्येकाने आपापली एक अट लिहायची असं ठरलं. भावजयीने लिहिलं, स्वयंपाकघराला खिडकी हवी आणि तिच्यातून ओळखीचं माणूस दिसता कामा नये. तुझ्या भाचीने (वय वर्षे पंधरा, म्हणजे आमच्याशी बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली) लिहिलं, 'मला कुणी काही विचारू नये.' मी लिहिलं, 'सगळंच थोडं कमी.' नानांना विचारलं तर म्हणाले, भिंत सरळ असली म्हणजे झालं. आम्ही तिघंही हसलो आणि तसं लिहून घेतलं. त्या वहीत अर्थ असलेली अट तेवढी एकच होती, हे कळायला पुढे तीन गावं पालथी घालावी लागली.

पहिलं गाव तळ्याकाठचं. तिथे सगळी शहरातून साधेपणासाठी आलेली माणसं. साधेपणाचं एक मंडळ आहे, त्याला अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, आणि नियमांचं अकरा पानी पुस्तक. कपडे कुठल्या दिशेला वाळत घालायचे यावर दीड पान. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त बँकवाले, टोपल्या विणत होते. मी टोपलीचं कौतुक केलं तर त्यांनी मला तिचे सतरा टप्पे सांगितले, आणि मी निघायला लागलो तसं आणखी चार. फाटकावर 'येथे शांतता नांदते' असा फलक होता. नानांनी तो बराच वेळ मान वाकडी करून पाहिला आणि अध्यक्षांना अगदी सौम्यपणे सांगितलं की तुमच्या शांततेच्या श चं कंबरडं मोडलंय, आठ दिवसांत पोपडे निघतील. तिथला आमचा पत्ता तिथेच कटला.

दुसरं गाव डोंगरावर. तिथला दलाल 'इथे काहीच नाही' हे वाक्य असं म्हणायचा की जणू ते 'काहीच नाही' त्याने स्वतः बांधलंय. दुकान नाही, बस नाही, डॉक्टर तर औषधालाही नाही. मग आजारी पडलं की लोक काय करतात, असं भावजयीने विचारलं. तो म्हणाला, इथे कुणी आजारी पडत नाही. समोरच ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ असे खोकत होते की पाखरं उडून जात होती. ते कोण, असं विचारल्यावर दलाल म्हणाला, 'ते पाहुणे आहेत.' ताई, मीही सतरा वर्षं सरकारी उत्तरं लिहितोय, पण इतकं सुबक उत्तर मला एकदाही सुचलेलं नाही.

तिसरं गाव मात्र, काय सांगू, खरंच चांगलं होतं. बैठं घर, तीन खोल्या, पुढे थोडी मोकळी जागा. स्वयंपाकघराची खिडकी शेताकडे उघडणारी. भावजय त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली ती राहिलीच. मी मागून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. गेल्या दोन वर्षांत तिच्या पाठीकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. किती वाकलीय गं. नानांना उठवणं, आंघोळ घालणं, त्यांनी दिवसातून सहा वेळा दाराची कडी काढली की सहा वेळा लावणं, हे सगळं ती करते. मी कचेरीत बसून लोकांना 'आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवली आहे' असं कळवत असतो. ती फक्त एवढंच म्हणाली, 'इथे मी जरा बसू शकेन.' भाची काही बोलली नाही, म्हणजे तिलाही आवडलं. घरमालकीणबाईंना मी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला.

आणि या गडबडीत नाना कुठे दिसेनात.

इथे तुला एक मागची गोष्ट सांगायला हवी, जी मी फोनवर तीनदा गिळली. नाना रस्ते विसरले आहेत, हे तुला माहीत आहे. तरी ते रोज सकाळी फिरून बरोब्बर घरी यायचे, याचं आम्हाला मोठं कौतुक. त्याचं इंगित तुझ्या भाचीने शोधून काढलं. एकदा ती गुपचूप त्यांच्या मागे गेली. नाना रस्ते ओळखत नव्हते, ते आपल्या पाट्या वाचत येत होते. त्यांच्या हातच्या अकरा पाट्या आमच्या भागात उरल्यात. चष्मेवाल्याचे डोळे दिसले की उजवीकडे. दातांच्या डॉक्टरचा तो हसणारा दात आला की रस्ता ओलांडायचा. शिंप्याची कात्री दिसली की गल्लीत शिरायचं. शेवटी आमच्या जिन्यातली, 'पायऱ्यांवर थुंकू नये' ही त्यांनी फुकट रंगवून दिलेली पाटी. ती वाचली की माणूस घरी पोचला. (आपल्या घराची खूण म्हणून जगात कुणाला याहून काव्यमय ओळ मिळाली असेल असं वाटत नाही.)

गेल्या उन्हाळ्यात शिंप्याने कात्री काढली आणि त्या जागी छापील फलक लावला. रंग चकचकीत, वर कुणातरी परक्या बाईचा हसरा फोटो. त्या दिवशी नाना गल्लीच्या तोंडाशी अकरा वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत उभे होते. शिंप्याने खुर्ची दिली, बसले नाहीत. कात्री येईल, असं म्हणत राहिले. साधं जगायची आमची कल्पना जिन्यात सुचली असं मी वर लिहिलंय खरं, पण ती तिथे सुचलेली नाही. ती त्या खुर्चीपाशी सुचली. नाना आता एकटे घरी येऊ शकणार नाहीत, हे कळलेलं एकमेकांना कळू नये म्हणून आम्ही वही केली, अटी लिहिल्या, बैठका घेतल्या.

तर त्या तिसऱ्या गावात नाना सापडले ते चार वाटा जिथे मिळतात तिथे, एका कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर. त्या गावात एकही पाटी नाही. सगळे सगळ्यांना ओळखतात, लिहून कशाला ठेवतील? मी धापा टाकत जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे अगदी अदबीने पाहिलं.

'अहो साहेब,' ते म्हणाले, 'इथे वाचायला काहीच नाही. मी घरी कसा जाणार?'

मी त्यांचा हात धरला. ते 'आभारी आहे' म्हणाले. तू जन्मभर मला म्हणत आलीस की मला सगळ्यावर बोलता येतं. त्या दिवशी गाडीपर्यंत मी फक्त 'इकडून, नाना' एवढंच म्हणत आलो.

तर असं आहे. पुढच्या महिन्यात जायचं नक्की आहे. भावजयीने खोकी आणलीत, भाची त्यांवर सुवाच्य अक्षरात काय काय भरलंय ते लिहितेय, आणि नाना त्या खोक्यांतून वाट काढत, वाचत फिरतात. भाऊजींना नमस्कार सांग. औषधं वेळेवर घे. आमची काळजी करू नकोस, ती करायला इथे मी पूर्ण पगारी नेमलेला आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलंच. तुझी मागची खोली मोकळीच आहे ना? आम्ही तिथे जाऊन स्थिरस्थावर होईपर्यंत नानांना तुझ्याकडे ठेवून घेशील का? चारच महिने. ही कल्पना तुझ्या भावजयीची नाही, तिने हा विषय एकदाही काढलेला नाही. कल्पना माझी आहे. चार महिने म्हणजे किती, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. सतरा वर्षं मी लोकांची गाऱ्हाणी पुढच्या विभागाकडे पाठवली. आता आपल्या वडिलांची पाठवणी करतोय, एवढंच. नाही म्हणालीस तरी राग मानणार नाही, पण नाही म्हणू नकोस.

दुसरा ता. क. एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल की या पत्रातल्या इथवरच्या प्रत्येक शब्दावर रेघ आहे. ती मी मारलेली नाही. मी पत्र टेबलावर ठेवून पाकीट आणायला खाली गेलो. वर आलो तर नाना माझ्या खुर्चीवर बसलेले, हातात पट्टी, पेन्सिलीला टोक काढलेलं, आणि शेवटचं पान संपत आलेलं. हात जराही हलत नव्हता. चहाचा कप धरताना थरथरतो तो हाच हात. मी दारातच थांबलो. वरचा ता. क. त्यांनी सावकाश पुरा केला. 'नानांना तुझ्याकडे ठेवून घेशील का' या ओळीवरची रेघ सबंध पत्रात सगळ्यांत सरळ आली आहे, तूच बघ. मग पट्टी बाजूला ठेवून ते माझ्याकडे वळले. या खेपेला साहेब म्हणाले नाहीत.

'मजकूर बरा आहे रे,' म्हणाले. 'पण किती वेळा सांगायचं तुला? अशी उघड्यावर नको ठेवूस.'

त्यांनी ते वाचलं की नुसतं आखलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

वरची विनंती रद्द समज, आणि ते बिनपाट्यांचं गावही. ती खोडूनच टाकणार होतो, पेन उचललंही होतं. पण तिच्यावर आता त्यांची रेघ आहे, आणि नानांच्या रेघेवर रेघ ओढणं या जन्मात तरी मला जमायचं नाही. म्हणून तशीच पाठवतोय. घरमालकीणबाईंना नकार कळवायचं माझ्या तोंडून निघायच्या आतच भावजयीने एक खोकं उघडून भांडी परत फळीवर लावली. त्या खिडकीचं मात्र मी कधी विसरणार नाही. तेव्हा आता खरं मागणं ऐक. नानांना नेऊ नकोस, तूच ये. आठ दिवस ये, जमलं तर पंधरा. तुझी भावजय ते दिवस कुठल्या तरी खिडकीशी नुसती बसेल, आणि कड्या तू लाव. मीही लावायला शिकतोय.

तिसरा ता. क. पाकिटावर पत्ता लिहायला मी पेन उघडलं तर नाना म्हणाले, आण इकडे, तुझ्या अक्षराने पोस्टमन भलतीकडे जाईल. पाकीट त्यांच्यापुढे ठेवलंय. तुझा पत्ता मी त्यांना सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही. ते लिहितील तसं, न बघता पेटीत टाकीन.

पत्र पोचलं, तर पाकीट फेकू नकोस.