कंसातला फॉरवर्ड

१४, टेंटर रो,
स्कारवेल
रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

प्रिय रॉनी,

तुला, बेरिलला आणि तुमचा तो शिव्या देणारा पोपट अजून हयात असल्यास त्यालाही माझा नमस्कार. गुडघा कसा आहे? मोरकॅमची समुद्राची हवा गुडघ्यांना मानवते असं म्हणतात, पण असं म्हणणाऱ्यांपैकी कोणाचे गुडघे मी पाहिलेले नाहीत. इकडे मी बरा आहे, म्हणजे डॉक्टर तसं म्हणतात. रोज सकाळी एक अंडं उकडून खातो. (म्युरियल चार मिनिटं ठेवायची. मीही घड्याळ लावून चारच मिनिटं ठेवतो, तरी ते तसं होत नाही.) पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू पत्र न फोडता शेगडीत टाकलं नाहीस, याबद्दल आभार. चौदा वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. ख्रिसमसची कार्डं भावाला म्हणून म्युरियल पाठवायची आणि खाली माझी सहीही तीच ठोकायची, हे तू ओळखलं असशीलच. तिची सही माझ्या सहीपेक्षा बरी असायची.

आता कामाचं बोलतो. पुढच्या महिन्यात आपला रोव्हर्स फुटबॉल क्लब सव्वाशे वर्षांचा होतोय आणि त्यानिमित्त माझ्या 'आघाडीची फळी' या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. या पुस्तकाचं नाव काढलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, पण नाव न काढता त्याच्याविषयी कसं लिहावं हे मला जमलेलं नाही. रोव्हर्सचा शर्ट घालून आघाडीला खेळलेला प्रत्येक माणूस त्यात आहे: जन्म कुठला, आला कुठून, गेला कुठे, सामने किती, गोल किती. सुरुवातीपासून खेळलेले सामने उघड्यावर लिहायचे आणि बदली म्हणून उतरला असेल ते कंसात. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मी लिहिलं होतं की या पुस्तकात एकही चूक नाही. (म्युरियल म्हणाली होती, असलं वाक्य छापू नये, लोक मुद्दाम शोधायला बसतात.)

नव्या आवृत्तीवर देखरेख करायला क्लबने लंडनहून कोणा मिस फॅररला आणलंय. पहिल्या मिनिटापासून ती मला 'क्लिफ' म्हणते. तुझी आई मला म्युरियलशी लग्न झाल्यावर अकरा वर्षांनी क्लिफ म्हणाली होती, तेही चुकून. या बाईंना सामने-गोल यांत फारसा रस नाही. प्रत्येक फॉरवर्डचा आवडता पदार्थ कोणता, ते हवंय. मेलेल्यांचाही. १८९१ साली टायफॉइडने गेलेल्या माणसाचा आवडता पदार्थ मी कुठून आणू, असं विचारलं, तर म्हणाल्या, "काहीतरी पुडिंग-बिडिंग लिहा हो, कोण बघायला येतंय." सध्याचा आपला ब्राझीलचा फॉरवर्ड वाल्दिर (सामने ६ (१९), गोल २, त्यातला एक कानाला लागून) याला मी दुभाष्यामार्फत तो प्रश्न विचारला. तो बराच वेळ बोलला. खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत बोलला, मध्ये एकदा थांबला, डोळे पुसले, पुन्हा बोलला. दुभाष्या म्हणाला, "चिकन." मी चिकन लिहिलं. घरी येताना बसमध्ये मला फार वाईट वाटत राहिलं.

मग हॉरेस टॅटरसॉल. आपल्या क्लबचा सगळ्यात जास्त गोल करणारा फॉरवर्ड, आणि एकाहत्तरच्या त्या डिसेंबरात तुमचा ट्रेनर, हे तुला मी सांगायला नको. आता ब्याऐंशी वर्षांचा आहे आणि कॅनॉल रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात असतो. त्याच्या नावावर दोनशे अकरा गोल आहेत. तो म्हणतो दोनशे बारा. १९४९च्या मार्चमध्ये त्याने मारलेला चेंडू प्रतिपक्षाच्या बॅकच्या पाठीवर आपटून आत गेला होता. तेव्हापासून तो स्वयंगोल आहे आणि तेव्हापासून हॉरेसची झोप नीट नाही. माझा नियम तुला ठाऊक आहे: नोंद बदलायची तर ज्याची नोंद आहे त्याच्यासमोर बसून, त्याच्याच हातून खोडून. म्हणून मी पेन्सिल, रबर आणि शॉर्टब्रेडचा डबा घेऊन गेलो.

"ये पोरा," तो म्हणाला. (मी सहासष्ट वर्षांचा आहे.) "आधी दोनशे बारा लिही, मग चहा."

मी म्हटलं, हॉरेस, तो त्या बॅकच्या पाठीला लागला होता.

"पाठ त्याची असेल. नेम माझा होता."

मी रबर खिशातून काढलंच नाही, तेव्हा त्याने शॉर्टब्रेडचा डबा उशीमागे ठेवून दिला आणि मला नुसता चहा प्यावा लागला.  मग त्याने एकदम तुझ्याविषयी विचारलं, "त्या थॅक्रेचं काय केलंस? धुक्यातल्या." मी नियम सांगितला. रद्द झालेला सामना नोंदीत धरत नाहीत. तो झालाच नाही असं मानायचं. हॉरेसने कप बाजूला ठेवला. "झालाच नाही? मीच त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला आत सोडला. झालाच नाही तर पंधरा दिवस माझी छाती कफाने कशी भरली होती रे?"  मग तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्याकडे दोनशे अकरा आहेत, तरी एकासाठी जीव तुटतो. त्या पोराकडे एकच होता. तो तू घेतलास." तेवढ्यात नर्स त्याचं कस्टर्ड घेऊन आली आणि मी टोपी घेऊन निघालो.

आता तो दिवस. तू मैदानात होतास, म्हणजे तुला काही दिसलं नसणार. मी पत्रकारांच्या कक्षात होतो, म्हणून मलाही नाही. १८ डिसेंबर १९७१, शनिवार. कालव्यावरून धुकं आलं तेव्हा आधी मला पलीकडचा गोल दिसेनासा झाला, मग पलीकडचा संघ, मग अलीकडचा, आणि शेवटी शेजारी बसलेला 'गार्डियन'चा माणूस, जो तसाही फारसा काही दिसण्यासारखा नव्हता. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला आघाडीच्या पिकल्सच्या पोटरीत गोळा आला आणि त्याच्या जागी तू उतरलास. सहासष्टाव्या मिनिटाला पलीकडून आरडाओरडा झाला. कोणी मारला, कोणी मारला, असा प्रश्न मैदानाला वळसा घालून एका स्टँडहून दुसऱ्या स्टँडला पोचला आणि उत्तर यायच्या आत भोंग्यावरच्या माणसाने पिकल्सचं नाव जाहीर केलं. पिकल्स तेव्हा आत आंघोळीच्या टबमध्ये होता. तू म्हणे दोन्ही हात वर करून धावत गेलास आणि पहिली जी आकृती दिसली तिला मिठी मारलीस. तो पोलीस निघाला. त्याने तुला बाजूला केलं आणि वही काढून तुझं नाव विचारलं. त्या दिवशी गोल करणाऱ्याचं नाव रीतसर विचारणारा तो एकच माणूस. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पंचाला स्वतःची शिट्टी दिसेना, म्हणून सामना रद्द. बुधवारी तो पुन्हा झाला तेव्हा पिकल्सची पोटरी सुटली होती आणि तू नव्वद मिनिटं बाकावर बसलास. फेब्रुवारीत राखीव संघाकडून खेळताना तुझा गुडघा गेला. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नियम मी केलेला नाही, रॉनी. पण नियमाचं नाव पुढे करून तुझं नाव गाळलं ते मीच. तुला कंससुद्धा दिला नाही. चौऱ्याऐंशी साली प्रकाशनाच्या दिवशी तू तपकिरी सूट घालून आईला घेऊन आलास, ढिगातली वरची प्रत उचलून टी अक्षर काढलंस. टॅटरसॉल, मग थर्लवेल. तू पान उलटलंस, परत मागे उलटलंस, बोटांनी चाचपलंस, मध्ये एखादं पान चिकटून राहिलंय का म्हणून. मी चार हातांच्या अंतरावर शेरीचा ग्लास धरून उभा होतो आणि मला सगळं दिसत होतं. त्या दिवशी धुकं नव्हतं. तू प्रत परत ढिगावर ठेवलीस, ढीग सरळ केलास आणि निघून गेलास. तुझी आई थांबली. तिने दोन सॉसेज रोल खाल्ले आणि मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. (तीन वर्षं, दोन महिने.)

म्युरियल मात्र भांडली नाही. भांडली असती तर मी नियमांचं पुस्तक काढलं असतं, आणि ते तिला ठाऊक होतं. धुक्याच्या दिवशी ती तुमच्या आईबरोबर नेमकी त्याच गोलमागे, कठड्याला टेकून उभी होती. दर वर्षी १८ डिसेंबरला टोस्टला लोणी लावता लावता ती एकच वाक्य बोलायची: "डाव्या पायाने मारला होता." मी म्हणायचो, रद्द सामना. ती म्हणायची, "मी सामन्याचं नाही बोलत, गोलचं बोलतेय." आणि मुरांब्याची बाटली माझ्याकडे सरकवायची. सव्वीस वर्षं. यंदाच्या डिसेंबरला मी काय करणार आहे, मला माहीत नाही.

मार्चमध्ये म्युरियलच्या अंत्यविधीला तू आलास ते मी पाहिलं. शेवटच्या बाकावर, खांबाआड. सँडविच यायच्या आधी गेलासही. पाद्रीसाहेबांनी मला तिच्याविषयी चार ओळी लिहून मागितल्या होत्या. मला एकाच प्रकारे लिहिता येतं. त्यांनी ते चर्चमध्ये तसंच वाचलं: जन्म स्कारवेल, १९३५, आधी थॅक्रे कुटुंबाकडून, १९६१ पासून हेझलडीन, अखेरपर्यंत एकाच संघात. मागून कोणीतरी हसलं. तो तू होतास असं मला वाटतं, आणि तसं असेल तर मला बरं वाटलं. त्या दिवशी बरं वाटण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गेल्या महिन्यात मिस फॅररने माझी टेबलावरची प्रत नेली आणि हरवली. दुरुस्त्या करायला म्हणून मी म्युरियलला भेट दिलेली प्रत कपाटातून काढली. तिने ती कधी उघडली असेल असं मला वाटलं नव्हतं. माझी समजूत होती की ती त्यावर शिवणाचा डबा ठेवते. टॅटरसॉल आणि थर्लवेल यांच्या मधल्या कोऱ्या जागेत तिने पेन्सिलीने, माझ्याच पद्धतीने, माझ्याच संक्षेपांत लिहिलेलं आहे: 'थॅक्रे, रॉनल्ड. ज. स्कारवेल १९५१. सा. ० (१). गो. १, डावा पाय. साक्षीदार: एम. एच.' इतकं बिनचूक की छपाईला तसंच द्यावं. मी अंडं उकडत ठेवलं होतं, ते सगळं पाणी आटून फुटलं. 

म्हणून हे पत्र. माझ्या पद्धतीत एक साक्षीदार पुरत नाही, दोन लागतात. पोलीस वारला. (चौकशी केली.) तेव्हा येत्या शुक्रवारच्या आत एका ओळीने कळव: डावा पाय की उजवा? बाकी काही लिहायची गरज नाही. बेरिलला आठवण सांग.

तुझा मेहुणा
(म्युरियल गेल्यावर हे नातं राहतं की नाही, याचा नियम मला कुठे सापडला नाही),
क्लिफर्ड हेझलडीन

ता. क. – छापायला फोटो हवा आहे. शर्ट घातलेला तुझा एकच फोटो आहे, बेरिलच्या साइडबोर्डवरचा. टपालाने पाठवू नकोस, टपालात वस्तू गहाळ होतात. हातीच आणलेला बरा.

ता. क. २ – खरं सांगायचं तर पायाचं कळवायची घाई नाही. पानं गेल्या शुक्रवारीच छापखान्यात गेली. मी असं दिलं आहे: 'थॅक्रे, रॉनल्ड. सामने ०, गोल ०. (१८ डिसेंबर १९७१ रोजी बदली म्हणून उतरला आणि डाव्या पायाने गोल केला. धुक्यामुळे सामना रद्द झाला. गोल झाला होता.)' नियम मोडलेला नाही; जे आहे ते कंसात आहे. कंसाबाहेरच्यापेक्षा कंसातलं मोठं असलेली पुस्तकातली ही एकच नोंद. आवडता पदार्थ मिस फॅररला म्युरियलचा आल्याचा केक म्हणून सांगितला. फोटोची जागा कोरी सोडली आहे. ती तशीच छापली गेली तरी चालेल. म्हणजे फोटोही छापण्यासाठी नको आहे.

ता. क. ३ – म्युरियलच्या प्रतीत एच अक्षराखालीही पेन्सिलीची एक नोंद निघाली. ही मी मिस फॅररला दाखवलेली नाही. 'हेझलडीन, क्लिफर्ड. फॉरवर्ड नव्हे. घरी: रविवार सगळे, शनिवार ० (३). चुका: ० (१).' मी रबर घेऊन बसलो होतो, पण माझा नियम तुला वर सांगितलाच आहे. ज्याची नोंद, त्याच्यासमोर, त्याच्याच हातून. कंसातली ती एक चूक तुझ्याबाबतीतली, म्हणून ही नोंद माझ्या नावाखाली असली तरी तुझी आहे. पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आहे, रबर त्याच्याशेजारी. १८ डिसेंबरला शुक्रवार आहे. सकाळी ये, टोस्ट करीन. खोडायचं की नाही ते तू ठरव.